माशाच्या अंगावरचा दोरा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक जुनी विहीर आहे. बिल्डरने ती बुजवली नाही, कारण बुजवायची परवानगीच त्याला मिळाली नाही. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, जाळीला छोटं दार आहे आणि त्या दाराची किल्ली माझ्या बाबांकडे असते. बाबा ऐंशीला टेकलेले. आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत, त्यांवर शेवाळ. मी किती वेळा ओरडले असेन त्यांच्यावर! "बाबा, पाय घसरला तर मी एकटी काय करणार आहे?" बाबा ऐकल्यासारखं करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात ताट घेऊन परत उतरतात.

ताटात रात्रीचा उरलेला भात असतो. बाबा पाण्याजवळच्या पायरीवर बसतात आणि ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करतात. मग खालून मासे वर येतात. बरेचसे गप्पी, डास होऊ नयेत म्हणून कधीतरी महापालिकेच्या माणसांनी सोडलेले. त्यांच्यात एक मोठा तांबूस-केशरी मासा होता. बाबा त्याला 'तांबडो' म्हणायचे. तो आईचा होता.

आईने हॉलमध्ये काचेची टाकी ठेवली होती. बाबांची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडलाच एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं, मग निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसून आईला स्वयंपाक शिकवू लागले. त्यांना कशात तरी गुंतवावं म्हणून ती टाकी आली. पण गुंतली आईच. पाणी बदलणं, काच पुसणं, सगळं तीच करायची आणि माशांना चक्क दटावायची. "काय रे, तूच सगळं खातोस, बाकीच्यांनी काय करायचं?" अशा आवाजात ती फक्त त्यांच्याशी आणि माझ्याशी बोलायची.

साथीच्या वर्षी ती गेली. ते दुखणं आधी बाबांना झालं होतं. सगळं बंद असताना एक दिवस गेटवर कोळीण आली, बाबांना बांगड्यांचा वास आला आणि ते पिशवी घेऊन खाली उतरले. तिथे बरीच गर्दी होती. मग त्यांना ताप आला, दोन-चार दिवसांत उतरलाही. आईचा उतरला नाही.

ती गेल्यावर बाबांना ती टाकी बघवेना. एके सकाळी त्यांनी सगळे मासे बादलीत घातले आणि विहिरीत नेऊन सोडले. रिकामी टाकी मी बाल्कनीत ठेवली आणि तिच्यात कांदे-बटाटे भरले. मुंबईत रिकामी वस्तू कोणाला परवडते? विहिरीतले आईचे मासे हळूहळू कमी होत गेले आणि शेवटी तांबडो एकटा राहिला.

यंदा आईच्या तिथीला बाबा सकाळीच बाहेर पडले आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन नवे मासे घेऊन आले. घरी नाही, थेट विहिरीवर. मी वरून गॅलरीतून बघत होते.

"घरी तरी आणायचे आधी," ते वर आल्यावर मी म्हटलं. "मी बघितलेही नाहीत."

"देवाक व्हावचा ता घरात ठेवचा नाय," बाबा म्हणाले.

हे त्यांच्या गावचं. मालवणाकडच्या त्यांच्या गावात देवळाला तळी आहे आणि तळीतले मासे देवाचे. ते कोणी मारायचे नाहीत. श्राद्धाच्या दिवशी पहिला भात त्यांना. देवाला द्यायचा नारळसुद्धा दुकानातून सरळ देवळात न्यायचा, वाटेत घरी टेकवायचा नाही. घरी टेकवला की तो घरचा झाला. मुलुंडच्या सोसायटीच्या विहिरीत कसला आलाय देव, असं मी म्हणणार होते, पण तिथीच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसले.

"आणि दोन कशाला?"

"एकटो पडलो हा तो. बोलूक कोण नाय तेका."

मी त्यांच्या हातातली रिकामी पिशवी घेतली.

ज्येष्ठ लागायच्या सुमारास एका सकाळी बाबांनी मला खालून हाक मारली. मी ऑफिसला निघाले होते, केस ओले, तोंडात टोस्ट.

"अगो, हय ये. ह्येच्या अंगार दोरो लागलो हा."

मी चडफडत पायऱ्या उतरले. तांबडो ताटापाशी आला होता, पण भात खात नव्हता. तो एका दगडावर अंग घासत होता, पुन्हा पुन्हा, पाठीला खाज सुटावी तसा. त्याच्या कुशीवर पांढरट दोऱ्याचा तुकडा लोंबत होता. मग मला दुसरा दिसला, शेपटीपाशी. मग गप्प्यांच्या अंगावरही दिसले, त्या एवढ्याशा जिवांच्या मानाने केवढे तरी मोठे. नव्या दोन माशांपैकी एक पाण्यावर उलटा तरंगत होता.

"काढून टाक मगे," बाबा म्हणाले.

मी हात घातला, दोरा चिमटीत धरला, ओढला. मासा तडफडला. दोरा आला नाही.

त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला. माझी कॉलेजातली मैत्रीण चेंबूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मी तिला फोटो पाठवले. तिचा दुपारी फोन आला आणि नमस्कार-चमत्कार न करता तिने विचारलं, "नवीन मासे सोडले होते का गं कोणी?"

मी खुर्चीतून उठून जिन्यात गेले.

तिने समजावून सांगितलं. तो दोरा नव्हता, किडा होता. त्याचं डोकं माशाच्या मांसात नांगरासारखं रुतलेलं असतं, बाहेर दिसते ती फक्त शेपूट, आणि शेपटीला अंड्यांच्या पिशव्या. अंडी पाण्यात फुटतात, पिल्लं दुसरा मासा शोधतात. "हा मुळात आपल्याकडचा नाहीच. शोभेच्या माशांबरोबर जगभर फिरला. दुकानातून टाकीत, टाकीतून तळ्यात, तळ्यातून ओढ्यात. लोकांना कंटाळा आला की टाकीतले मासे तलावात सोडतात, आणि वर पुण्य लागलं म्हणून घरी जाऊन जेवतात. मग तिथल्या बिचाऱ्या माशांची वाट लागते. नवा मासा आणला की महिनाभर वेगळा ठेवायचा असतो, यार. वेगळ्या बादलीत, घरात. एवढंच करायचं असतं."

घरात. बाबांनी नेमकं तेच केलं नव्हतं, आणि तेही देवाचं म्हणून, आईचं म्हणून.

"कोणी सोडले?" तिने विचारलं.

"सोडले कोणीतरी," मी म्हटलं.

जिन्यात उभी राहून मला खरंच धडकी भरली. मासे मरतील याची नाही. म्हणजे तीही होती, तांबडो गेला असता तर आईच्या हातचं शेवटचं जिवंत काही गेलं असतं. पण मोठी भीती वेगळीच होती. बाबांना कळलं की हे त्यांच्या हातून आलं, तर? आई गेली त्यानंतर ते कितीदा तरी बोलायला लागायचे, "त्या दिवशी मी खाली गेलंय नसतंय तर..." आणि आम्ही सगळे, मी, भाऊ, येणारे-जाणारे, त्यांना तिथेच थांबवायचो. तसं काही नाही बाबा. कोणाकडून आलं कोणाला माहीत? तुमची काही चूक नाही. मग ते बोलायचे थांबले. मला वाटलं होतं, विसरले. विसरले नसतील तरी झाकलं गेलं, हेही काही वाईट नव्हतं. आता हेच दुसऱ्यांदा त्यांच्या पुढ्यात ठेवायचं? प्रेमाने गेलात, पिशवी घेऊन आलात आणि घरात दुखणं आणलंत?

संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, "पाण्यातला किडा आहे. उन्हाळ्यात होतो."

"आमच्या तळीत कधी झालो नाय," बाबा म्हणाले आणि विहिरीकडे बघत बसले.

एवढ्यावर भागलं असतं. पण सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कशाला असतो? सेक्रेटरींनी आजारी माशांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की विहिरीत कणकेचे गोळे टाकल्यामुळे पाणी सडून किडे झाले आहेत, तरी संबंधितांनी हे त्वरित थांबवावं.

संबंधित म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या बेन. कणकेचे गोळे सबंध सोसायटीत त्या एकट्याच टाकायच्या. जैन, सत्तरीच्या, पांढरी साडी, अंगाने चिमणीएवढ्या. रोज देवदर्शनाहून येताना जाळीपाशी थांबून कणकेच्या बारीक गोळ्या टाकायच्या, आणि खाली पायरीवर बाबा असले तर दोघांची थोडी बडबड व्हायची. त्यांचं मराठी गुजरातीत बुडवलेलं आणि बाबांचं मालवणीत. दोघांना एकमेकांचं किती कळायचं ते त्यांनाच ठाऊक. तो मेसेज आल्यावर बेन यायच्या थांबल्या. मला लिफ्टमध्ये भेटल्या तर खाली बघत होत्या.

"बेन, तुमच्यामुळे नाही झालं," मी म्हटलं.

"मला काय खबर होती, बेटा," त्या म्हणाल्या. "मी तर जीव जगावे म्हणून घालत होते." आणि त्यांचे डोळे भरून आले.

आता मात्र माझं डोकं सटकलं. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग होती. विषय: विहीर बुजवता येत नसेल तर निदान तिच्यावर कायमचा स्लॅब टाकणे. मी ठरवून गेले होते की उठून सांगायचं, नवे मासे आमच्या घरचे होते, सोडले मी. मी, असंच सांगणार होते. बाबा माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बेन कोपऱ्यात, पदर डोक्यावर ओढून. सेक्रेटरी बोलायला लागले की काही लोक भावनेच्या भरात अन्न टाकतात आणि त्याचे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात. मी उठायला लागले.

बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला, त्याच हाताचा आधार घेतला आणि स्वतः उभे राहिले. घराबाहेर बाबा नेहमी शुद्ध मराठी बोलतात, फार जपून, उसन्या कपड्यात वावरल्यासारखं. सुरुवात तशीच केली.

"सेक्रेटरीसाहेब, बेनचा यात काही संबंध नाही." मग ते अडखळले आणि शुद्ध मराठी सुटलंच. "बेननी काय एक करूक नाय. ह्यो किडो मी हाडलंय. नवे मासे मी सोडलंय बावीत. पिशयेतच एकाच्या अंगार दोरो होतो. माका वाटला, पिशयेचोच दोरो. मी बघितलंय आणि तसोच सोडलंय."

सेक्रेटरींनी पाण्याची बाटली पुढे केली. "काका, बसा, बसा. तुमची काही चूक नाही."

"आसा," बाबा म्हणाले. "माझी चूक आसा. आता काय करूचा ता सांगा."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते कोसळतील. ते तर ताठ उभे होते, चष्म्याच्या काचा पुसत.

काय करायचं ते माझ्या मैत्रिणीने फोनच्या स्पीकरवर सगळ्यांना सांगितलं. पाणी तळाशी गेलेलंच होतं. सगळे मासे काढा, पंप लावून विहीर उपसा, गाळ काढा, ब्लीचिंग पावडर मारा. विहिरीत मासा नसला की उरलेसुरले किडे आपोआप मरतात. काढलेले मासे ड्रममध्ये ठेवून औषध द्या. मोठ्या माशाच्या अंगावरचे किडे हाताने काढा. स्लॅबचा विषय आपोआप मागे पडला, कारण पोरंटोरं गाळण्या आणि मच्छरदाणीचे तुकडे घेऊन आधीच विहिरीवर पोचली होती. दुपारपर्यंत आमच्या पार्किंगमध्ये निळ्या ड्रमांची रांग लागली. गप्पी एवढे निघाले की सेक्रेटरी स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे.

तांबड्याला बाबांनी काढलं. ताटावर टकटक केली, तो आला, आणि खालून त्यांनी टोपली वर घेतली. त्याने जराही धडपड केली नाही, त्याचंच मला वाईट वाटलं.

घरी मी बाल्कनीतले कांदे-बटाटे परातीत ओतले, टाकी घासली आणि हॉलमध्ये तिच्या पूर्वीच्या जागी ठेवली. बाबांनीच पाणी भरलं.

मग किडे काढायचे. बाबांनी ओल्या सुती कपड्यात तांबड्याला धरलं, मी भुवया कोरायचा चिमटा घेतला. किडा अगदी मुळाशी धरायचा आणि न तुटता ओढायचा, असं मैत्रिणीने बजावलं होतं. मग लगेच मासा पाण्यात, थोडा दम खाऊ द्यायचा, मग पुढचा. बाबांचा हात, जो एरवी चहाचा कप सांडतो, तो अगदी स्थिर होता.

एवढ्यात दारात बेन उभ्या राहिल्या. हातात कणकेची वाटी, सवयीने आणलेली.

"बेटा, तो किडा पण जीवच ना?" त्या हळूच म्हणाल्या.

मी चिमटा धरून वैतागले. "बेन, आता मी कोणाला वाचवू? तुम्हीच सांगा."

त्या आत आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू काढ. मी माफी मागते."

आणि खरंच, प्रत्येक किडा मी काढून रिकाम्या वाटीत टाकला की त्या हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायच्या. हसू आवरता आवरता माझी पुरेवाट झाली, मग शेवटी मी हसलेच. बाबाही हसले. बेनही हसल्या, पण एकही किडा त्यांनी माफी मागितल्याशिवाय जाऊ दिला नाही. मला त्या क्षणी त्या दोघांबद्दल फार माया वाटली, आणि आई तिथे असायला हवी होती असं इतकं तीव्र वाटलं की मी उठून ओट्यापाशी उगीच पाणी पीत उभी राहिले.

तांबड्याच्या जखमा लाल होत्या. मिठाचं पाणी, औषध, पुन्हा पाणी बदलणं. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात तळाशी बसून राहिला. बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे, पेपरसुद्धा तिथेच वाचायचे. विहीर उपसून झाली, पाऊस लागला, तिच्यात नवं पाणी चढलं, गप्पी परत गेले. बेनच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सेक्रेटरींनी ग्रुपवर बेनची माफी मागितली, तीही अशा भाषेत की माफी आहे हे दोनदा वाचल्यावर कळावं. तरी मागितली.

एका शनिवारी दुपारी जेवणं झाली होती. मी टाकीतला गाळ नळीने ओढत होते. तांबडो वर आला, त्याने पाण्यावरचा दाणा टिपला. जखमांवर नवीन कातडी धरली होती, जरा फिकट.

"जगलो," बाबा म्हणाले.

"जगला," मी म्हटलं. "आता तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां. तुम्हाला कुठे माहीत होतं? तुमची काही..."

"थांब," बाबा म्हणाले. रागावून नाही. माझ्या हातातली नळी त्यांनी काढून बादलीत ठेवली. "तेवाय माका कोणी बोलूक दिल्यानी नाय."

मला लगेच कळलं, ते कशाबद्दल बोलत होते.

"सगळे म्हणी, तुमची काय चूक नाय. मी बोलूक गेलंय काय सगळे गप करीत. तूय. मगे मी कोणाक सांगूचा? रोज त्या बावीर जावन ह्या माशाक सांगी." ते टाकीकडे बघत होते. "तितक्या लोकांत बोललंय त्या दिवशी, तर कायतरी करूक तरी गावला. किडे काढूक गावले. आता तू एकदा सांग माका. खरा सांग. तुझ्या आयशीक ता दुखणा मीच हाडून दिलंय ना?"

माझ्या जिभेवर तेच जुनं वाक्य आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. मी ते गिळलं. बाबांचा हात हातात घेतला, ओला होता, माशाचा वास येत होता.

"हो बाबा," मी म्हटलं. "तुमच्याकडूनच आलं असणार."

त्यांनी मान हलवली. "हां," म्हणाले, अगदी साधं, हिशेब पटल्यावर म्हणावं तसं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आई गेल्यापासून बाबा माझ्यासमोर पहिल्यांदा रडले, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.